भिंगरीला कोरियन येत नाही

"पण माझं चुकतं तरी कुठं, सूनिम?"

भन्ते दोआम शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि टरफल शेळीपुढं केलं.

"सूनिम, मी काहीतरी विचारलंय."

"भन्ते म्हन. इथं समदे भन्तेच म्हनत्यात."

ओवीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. भिक्खूला कोरियन भाषेत मानानं कसं बोलवायचं हे तिनं मुद्दाम पाठ केलं होतं, आणि समोर बसलेला कोरियन भिक्खू जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यासारखा बोलत होता. आंबेदऱ्याच्या टेकडीवरच्या त्या छोट्या विहारात तो इतकी वर्षं राहिला होता, की त्याचं मराठी पार मातीचं झालं होतं. लेणी बघायला आला आणि बुद्धाच्या पायाशी राहून गेला, असं गावातले लोक सांगायचे. स्वतः भन्ते सांगायचे, परतीची एसटी चुकली.

ओवी डुंबरे नारायणगावची. कोरियन भाषा ती आधी मोबाइलवर मालिका बघून शिकली, मग व्हिडिओ बघून, आणि मग पुण्याच्या क्लासात. तिथं तिला असे मार्क पडले, की सरांनी तिचा फोटो क्लासच्या दारावर लावला. मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापदाला कुठलं शेपूट लावायचं, बरोबरीच्या माणसाशी कुठलं, धाकट्याशी कुठलं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. एवढं असून कोरियन कंपन्यांमधल्या दुभाष्याच्या दोन मुलाखतींतून ती हात हलवत परत आली होती. तिसरी येत्या गुरुवारी होती, रांजणगावला.

"ही गेली की संपलं," ओवी म्हणाली. "पप्पा म्हणतात, जूनपासून गुमान बी.एड. कर. ताईनं केलं तसं."

"ताई बरी हाय का?"

"ताई बरी आहे. पण मला फळ्यापुढं नाही उभं राहायचं, भन्ते. मला दोन माणसांच्या मधे उभं राहायचंय. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. मला तेवढंच येतं. आणि तेच मला कुणी करू देत नाही."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज थोडा हलला. तिनं तो लगेच सरळ केला.

भन्त्यांनी आणखी एक शेंग फोडली.

"मागल्या टायमाला काय झालं?"

"काहीच नाही! माझी एकही चूक झाली नाही. साहेब बोलले, मी थांबले. साहेब थांबले, मी बोलले. मग बाहेर आल्यावर तिथले एक मराठी अधिकारी म्हणाले, मॅडम, साहेब म्हणाले रेडिओ ऐकल्यासारखं वाटलं."

"मंग?"

"मला वाटलं, कौतुक आहे."

"आवाज ग्वाड हाय तुझा."

"पण फोन आला नाही ना, भन्ते!"

चाफ्याला बांधलेल्या शेळीनं मान वर केली.

"बॅं."

"ही भिंगरी," भन्ते म्हणाले. "खालच्या सोनाबाईची. सोनाबाई कांदं काढाया गेली, की हिला माझ्याकडं सोडती. घरी एकटी ऱ्हायली की रडती म्हनं."

ओवीला शेळीत काही रस नव्हता. ती गावातल्या चौकशा करायला स्कूटी दामटत एवढ्या उन्हात आली नव्हती. तिनं पिशवीतून वही काढली.

"भन्ते, तुम्ही माझी परीक्षा घ्या. आधी उच्चार."

भन्ते काही बोलायच्या आत तिनं वहीचं एक पान फाडून ओठांपुढं धरलं. कोरियन भाषेत आग, गवत आणि शिंग हे तीन शब्द आपल्या कानाला एकच वाटतात. फरक असतो तो श्वासाचा. ओवीनं आग म्हटली. पान जरासं हललं. गवत म्हटलं. पान फडफडलं. शिंग म्हटलं. पान भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं जागच्या जागी राहिलं.

मोठमोठ्या लोकांना जे जमत नाही ते आपण करून दाखवलं, अशा चेहऱ्यानं तिनं भन्त्यांकडं पाहिलं.

तेवढ्यात भिंगरीनं मान लांब केली, तिच्या हातातलं पान ओढलं आणि खाल्लं.

"छान," भन्ते म्हणाले.

हे कुणाला, ते ओवीला कळेना.

"माझे उच्चार बरोबर होते ना?"

"व्हय."

"तिन्ही?"

"माझ्यापरीस बरूबर. माझं तर दात पडल्यात." भन्त्यांनी तोंड उघडून दाखवलं. खरंच पुढचा एक दात नव्हता.

"मग आता व्याकरण विचारा."

"नगं."

"मग संभाषण. रोजचं, साधं. त्यातच काहीतरी राहत असणार."

भन्त्यांनी वाटी बाजूला ठेवली. हात झटकले. ओवीकडं जरा वेळ बघत राहिले...

"ग्वाष्ट सांगतो," ते म्हणाले. "माझ्या भाषेत."

ओवी सावरून बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, वही उघडी. परीक्षेत हेडफोन लावून ती अशीच बसायची. परीक्षेत मधे आवाज केला की बाद.

भन्ते कोरियनमध्ये बोलू लागले. ती पुस्तकातली कोरियन नव्हती. समुद्राकडच्या त्यांच्या गावची होती, थोडी खरखरीत, मधेच वर जाणारी. पण ओवीला शब्दन् शब्द कळत होता.

"मी लहान होतो. आमच्या घरामागं मोठमोठी मडकी होती. आई त्यांत सोयाबीन आंबवत घालायची."

भन्ते थांबले.

ओवी ऐकत होती.

"एका हिवाळ्यात आईनं त्यातलं एक मडकं माझ्या पाठीला बांधलं. म्हणाली, डोंगरावरच्या मठात देऊन ये."

भन्ते थांबले...

ओवी ऐकत होती. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. मनातल्या मनात ती उत्तराची तयारी करत होती. गोष्टीत पात्रं कोण, काळ कुठला, मडक्यात काय होतं. विचारलं तर एकसुद्धा निसटायला नको.

"बर्फ पडला होता. मडकं माझ्याहून जड. मी चढत होतो, आणि अर्ध्या वाटेत मला मागून पावलं ऐकू आली."

भन्त्यांचा आवाज खाली आला.

"मी थांबलो. पावलं थांबली."

ते पुढं वाकले. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"मी चाललो. पावलं चालली..."

चाफ्याचं एक फूल खाली पडलं. भन्ते ओवीकडं बघत होते. ओवी भन्त्यांकडं बघत होती.

शेवटी ओवीला वाटलं, आता आपली पाळी आली.

"भन्ते," ती म्हणाली, "तुमच्या गोष्टीत 'आई म्हणाली' असं आलं ना, तिथं तुम्ही क्रियापदाला मानाचं रूप लावलं नाहीत. आईसाठी लावायला पाहिजे."

भन्त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "ऱ्हायलंच ते. आई काय म्हनंल."

मग ते उठले. आपली चटई उचलली, झटकली, चाफ्याखाली नेऊन टाकली, आणि ओवीकडं पाठ करून शेळीपुढं मांडी घालून बसले.

"तर भिंगरी," ते कोरियनमध्ये म्हणाले, "मी मागं वळून बघितलं."

"बॅं," भिंगरी म्हणाली.

"तेच की! माझंही तसंच झालं."

भिंगरीनं कान पाडले. भन्ते तिच्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात सांगू लागले. ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. भिंगरी रवंथ थांबवून त्यांच्याकडं बघायची. कधी खूर आपटायची, कधी नाक फेंदारायची, कधी नुसतीच "बॅं" करायची. तिनं तसं केलं, की भन्ते हरखून पुढचं सांगायचे. एकदा त्यांनी मांडीवर थाप मारली. एकदा डोळे पुसले.

ओवी मान पुढं काढून काढून ऐकत होती. शेवटाजवळ गोष्ट आली असावी, कारण भन्ते आता फक्त कुजबुजत होते. ती जागेवरून थोडी उठलीसुद्धा. आणि नेमका त्याच वेळी खालच्या रस्त्यानं कांद्याचा ट्रॅक्टर गेला, कर्ण्यावर लग्नातली गाणी लावून.

ट्रॅक्टर वळणाआड गेला तेव्हा भन्ते खो खो हसत होते, आणि भिंगरी त्यांच्या बाहीला डोकं घासत होती.

"भन्ते!" ओवीचा चेहरा लाल झाला होता. "तिला कोरियन येत नाही!"

"न्हाय येत."

"मला येतं!"

"येतं की. लई चांगलं येतं."

"मग गोष्ट तिला का सांगताय?"

भन्त्यांनी विचार केला. भिंगरीच्या गळ्याखाली खाजवत खाजवत विचार केला.

"ती हाय हितं," ते म्हणाले.

"मी पण इथंच बसलेय की! मघापासून!"

भन्त्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. मग तिच्या मांडीवरच्या उघड्या वहीकडं. मग त्यांनी वाटी जवळ ओढली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले.

ओवीनं वही पिशवीत कोंबली. नमस्कार केला, तो मात्र शिकल्याप्रमाणं कंबरेतून वाकून, अगदी बिनचूक. मग पायऱ्या उतरून ती स्कूटीपाशी आली. स्कूटीला किक मारता मारता ती पुटपुटत होती. एवढ्या लांब आले. कोरियन माणूस मिळाला. आणि तो शेळीशी बोलतो.

घाट उतरेपर्यंत ती भन्त्यांवर चिडलेली होती. सपाटीला लागल्यावर राग जरा निवला, आणि मग तिच्या लक्षात आलं, की मागून कुणाची पावलं येत होती, हे आपल्याला कळलंच नाही.

तिनं आरशात बघितलं. मागं दुधाची गाडी होती.

शुक्रवारी दुपारी भन्ते विहाराचा ओटा झाडत होते. पायऱ्यांवर धावत येणाऱ्या चपला वाजल्या. चाफ्याखालून भिंगरीनं बघितलं.

ओवी आली ती कोरियन बोलतच आली. नमस्कार राहिला. वही तर आणलीच नव्हती.

"भन्ते, काय झालं माहितीये? मी आत गेले, आणि पेक साहेब, तिथले सगळ्यात मोठे साहेब, पांढरे केस, ते माझ्याकडं बघतच नव्हते! खिडकीकडं बघत होते!"

भन्त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "अस्सं?"

"मी माझी ओळख पाठ करून गेले होते. मोठी. ती मी सुरू केली. दोन वाक्यं झाली आणि साहेबांनी जांभई दिली."

"आइगो..." भन्ते म्हणाले. दुःख असो, दमणूक असो, पोर पडो की भात करपो, कोरियन माणसाच्या तोंडून आधी हाच शब्द येतो.

"हो ना! मला वाटलं, झालं, गेली ही पण. मग ते एकदम म्हणाले, तुमच्या इथं एक पक्षी आहे."

"पक्षी?"

"रोज पहाटे माझ्या खिडकीपाशी ओरडतो म्हणाले. एकदा ओरडतो. मग अजून वर. मग अजून वर. आणि गप्प झाला, की मी वाट बघत पडतो, आता परत कधी ओरडेल."

"कोकीळ!"

"कोकीळ! मला कळलंच लगेच. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, भन्ते. कोकीळ हा पक्षी कुठं राहतो, काय खातो, महाराष्ट्रात त्याला किती मान आहे, सगळं. क्रियापदं पण लावून ठेवली होती. मी तोंड उघडलं..."

"मंग?"

"आणि साहेबांचे डोळे दिसले. लाल. खरंच झोपले नव्हते हो ते. आणि मला..." ओवीनं चाफ्याकडं बोट केलं. "मला ही आठवली."

"बॅं," भिंगरी म्हणाली.

"आणि माझ्या तोंडातून 'हं' निघालं. कोरियन पण नाही! नुसतं 'हं'! मोठ्या साहेबांपुढं! मला वाटलं, आता हे मला हाकलणार."

"आरारारा!"

"तर ते माझ्याकडं वळले! खुर्ची ओढली. म्हणाले, तुला पण ऐकू येतो? मी म्हणाले, हो. मग म्हणाले, परवा तर मी पातेल्याचं झाकण घेऊन गच्चीवर गेलो. मी म्हणाले, आइगो. म्हणाले, झाकण वाजवलं, तर पक्षी गप्प आणि खालचा वॉचमन वर. हातात काठी. मी म्हणाले, मग? म्हणाले, मी रात्रीच्या कपड्यांत, हातात झाकण, आणि त्याला कोरियन येत नाही, मला मराठी येत नाही. दोघं एकमेकांकडं बघत उभे..."

भन्ते ओट्यावर बसले होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मंग पुढं?"

"मग पक्षी ओरडला! आणि वॉचमननं झाडाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, झाकणाकडं बघितलं, आणि काठीनं तो पण झाडावर दगड..." ओवी थांबली. "काठीनं दगड नाही. काठी टाकली आणि दगड. हे मी कसं सांगतेय!"

"कळलं, कळलं. मारला का?"

"नाही, लागला नाही. दोघं मग पहाटेपर्यंत तिथंच बसले म्हणे. चहा पीत."

ओवी इतक्या घाईनं सांगत होती, की क्रियापदांची शेपटं वाटेत गळून पडत होती. थोरामोठ्यांची रूपं पेक साहेबांना न लागता वॉचमनला लागत होती. एकदा तर तिनं पक्ष्यालाच अहो-जाहो केलं. तिच्या ते गावीही नव्हतं.

"मग वेळ संपली. ते मराठी अधिकारी दारात येऊन उभे राहिले. तर साहेब त्यांना म्हणाले, या मुलीचं कोरियन फार चांगलं आहे." ओवीनं दोन्ही हात पसरले. "भन्ते, मी बोललेच नाही! सगळा वेळ तेच बोलत होते. मी नुसतं हं, हो, आइगो, मग... एवढंच. मला एक तारखेपासून बोलावलंय!"

"अगं, वा!"

"पप्पांना सांगितलं. पप्पा आधी म्हणाले, चांगलं झालं. मग म्हणाले, पण तुला एवढं येतं ते त्यांनी विचारलंच नाही?"

भन्ते हसले. ओवीही हसली.

भन्त्यांसमोर पायरीवर ती बसली. ताठ नाही, गुडघ्यांभोवती हात टाकून. खाली शेतात बायका कांदे काढत होत्या. त्यांतली सोनाबाई कुठली, ते इथून कळत नव्हतं.

"भन्ते..."

"काय गं पोरी?"

"त्या दिवशी... तुमच्या मागं कोण होतं?"

भन्त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग ते डोंगराकडं बघत, हळूहळू, आपल्या गावच्या खरखरीत कोरियनमध्ये बोलू लागले.

"बर्फ पडला होता."

"हं."

"मडकं माझ्याहून जड."

"आइगो... एवढं जड? आणि एकट्याला पाठवलं आईनं?"

"एकट्याला. आणि अर्ध्या वाटेत मला पावलं ऐकू आली. मी थांबलो, पावलं थांबली."

"अगं बाई!" ओवी मराठीत म्हणाली आणि पायरीवरच पुढं सरकली. "मग?"

भन्ते बोलायचे थांबले.

ते उठले. चाफ्यापाशी गेले. भिंगरीच्या गळ्यातली दोरी त्यांनी सावकाश सोडली आणि तिच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"जा बाई तू," भन्ते म्हणाले. "मानूस आलंय."